न उगवणारे बी : निलंबूरच्या सागाची गोष्ट

१८१७ साली मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर उभी आहे. तिचे लाकूड म्हणजे मलबारचा साग. अशा नौकांसाठी मलबारची अरण्ये इतकी तुटली, की पुढच्या पंचवीस वर्षांत कंपनी सरकारला साग पेरण्याची पाळी आली. आणि पेरलेला साग उगवेना.

तोवर साग हे रानाचे देणे होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही आरमारासाठी लागणारा साग हुजूरच्या परवानगीने तोडावा असाच निर्देश आहे; लावावा असा नाही.

कंपनीने आधी बंदीचा मार्ग धरला. १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन यांना वनसंरक्षक नेमून मलबारच्या सागावर मक्तेदारी बसवली. संरक्षण नावापुरते, खरा हेतू आरमाराचा पुरवठा. जंगलमालक, व्यापारी, रयत सारेच गांजले आणि १८२३ मध्ये गव्हर्नर टॉमस मन्रो यांनी ती व्यवस्था मोडीत काढली. तोड मात्र थांबली नाही.

१८४० च्या सुमारास मलबारचे कलेक्टर हेन्री व्हॅलेंटाइन कोनोली यांनी निलंबूर येथे सागाची लागवड करण्याचा प्रस्ताव मांडला. जंगलनाशाचा दोष त्यांनी खाजगी मालकांच्या हावरेपणावर ठेवला. कंपनीच्या गोद्यांचा वाटा त्या हिशेबात दिसत नाही! जागा मात्र अचूक निवडली होती : चलियार नदीचा गाळाचा काठ आणि लाकूड तराफ्यांनी थेट कालिकतपर्यंत नेणारा प्रवाह.

१८४२ पासून बी पेरले जाऊ लागले आणि वाया जाऊ लागले. सागाचे ‘बी’ म्हणतात ते खरे तर फळ असते. मऊ, लोकरीसारख्या सालीच्या आत हाडासारखी टणक आठळी, तिच्या कप्प्यांत इवल्याशा बिया. रानात ऊन, वणवा, पाऊस यांच्या माऱ्याने ती आठळी हळूहळू सैल होते. एकेक बी दोन-तीन पावसाळेही निजून राहते. म्हणून वणव्याची नक्कल करून पाहिली, रानातली रोपे उपटून आणूनही लावली. हाती फारसे काही लागले नाही.

ही कोंडी फुटली ती उपसंरक्षक म्हणून नेमलेल्या चातू मेनन यांच्या देखरेखीखाली. रीत ऐकायला अगदी साधी आहे. बी थंड पाण्यात भिजवायचे, सावलीतल्या वाफ्यात उथळ पेरायचे, ओल उडू नये म्हणून वर गवत अंथरायचे आणि रोज संध्याकाळी हलके पाणी शिंपायचे. काही आठवड्यांत कोंब येत. पावसाळा लागला की वीतभर रोपे वाफ्यातून काढून साफ केलेल्या जमिनीत लावायची. वेळ चुकली तर वर्ष गेले. मेनन यांनी हे काम जवळपास दोन दशके, दर पावसाळ्यात केले.

महाराष्ट्रातल्या रोपवाटिकांत आजही सागाचे बी आलटून-पालटून भिजवतात आणि वाळवतात. वर्षभराचे रोप उपटून, सोटमूळ व बोटभर खोड ठेवून छाटलेली ‘सागजडी’ पहारीने पाडलेल्या भोकात ठोकतात. जडीची युक्ती नंतरची; आठळीशी चाललेली झटापट मात्र तीच.

लागवडीचे उद्दिष्ट तेवढे टिकले नाही. साग पक्व व्हायला साठ-सत्तर वर्षे लागतात. निलंबूरची झाडे अजून कोवळी असतानाच, १८६० मध्ये, ब्रिटिश आरमाराने लोखंडी सांगाड्याची ‘वॉरियर’ पाण्यात उतरवली. तिच्या चिलखती पत्र्यामागेही सागाच्याच फळ्या होत्या, एवढेच काय ते समाधान.

कोनोली यांनी हे पाहिलेच नाही. सप्टेंबर १८५५ मध्ये कालिकतच्या बंगल्यात, तुरुंगातून निसटलेल्या मापिळा बंडखोरांनी त्यांची हत्या केली.

त्या पहिल्या लागवडीतला २.३१ हेक्टरांचा तुकडा चलियारच्या काठी अजून राखलेला आहे. मेनन यांच्या हयातीत लागलेले काही वृक्ष तिथे आजही उभे आहेत. त्या जागेचे नाव ‘कोनोली प्लॉट’.