६४० किलोबाइटची भिंत

१/
१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. त्याच्या सर्वांत स्वस्त नमुन्यात अवघी १६ किलोबाइट रॅम होती. पुढे याच यंत्राच्या वंशजांना दशकभर ६४० किलोबाइटच्या भिंतीवर डोके आपटावे लागले. ती भिंत बांधली कोणी? #थ्रेड

२/
संगणकाच्या स्मृतीची मर्यादा म्हटली की चिपची किंमत आठवते. ती मर्यादा असतेच. पण त्याहून कठोर मर्यादा पत्त्याची. स्मृतीतील प्रत्येक बाइटला क्रमांक असतो आणि प्रोसेसर तो क्रमांक तारांवरून पाठवतो. तार एकतर चालू किंवा बंद. म्हणून एक तार वाढली की पत्ते दुप्पट होतात: १६ तारांवर ६५,५३६, तर २० तारांवर १०,४८,५७६. आपल्या सहा अंकी पिनकोडमध्येही फार तर दहा लाख क्रमांक बसतात. त्यापुढचे डाकघर कितीही भक्कम बांधले, तरी त्याला क्रमांक देता येणार नाही.

३/
इंटेलच्या १९७४ च्या ८०८० प्रोसेसरला १६ तारा होत्या, म्हणजे ६४ किलोबाइट. १९७८ च्या ८०८६ ला २० मिळाल्या. त्याचे मुख्य रचनाकार स्टीफन मोर्स. जुने प्रोग्रॅम नव्या चिपवर सहज आणता यावेत, ही अट होती. त्यामुळे आतले रजिस्टर १६ बिटांचेच राहिले आणि २० बिटांचा पत्ता दोन आकड्यांच्या बेरजेतून तयार होऊ लागला: सेगमेंट गुणिले १६, अधिक ऑफसेट. चिपला पायही ४० च. पत्ता आणि माहिती आळीपाळीने त्याच पायांवरून जात. इंटेलच्या लेखी ही तात्पुरती सोय होती. कंपनीची खरी भिस्त ‘आयएपीएक्स ४३२’ या महत्त्वाकांक्षी प्रोसेसरवर होती. तो फसला आणि तात्पुरती सोय कायमची झाली.

४/
आयबीएमने निवडलेला ८०८८ हा ८०८६ चाच धाकटा भाऊ. त्यालाही २० तारा, म्हणून एकूण एक मेगाबाइट. पैकी खालचे ६४० किलोबाइट प्रोग्रॅमसाठी, वरचे ३८४ पडद्याची स्मृती आणि रॉमसाठी. ही वाटणी मनमानी नव्हती. सुरू होताच हा प्रोसेसर पहिली आज्ञा अगदी वरच्या टोकाजवळून वाचतो. तेव्हा कायमस्वरूपी रॉम तिथेच असणे भाग होते. शिवाय ६४ किलोबाइटच्या जमान्यात दहापट जागा म्हणजे चैनच.

५/
‘६४० किलोबाइट कोणालाही पुरे’ अशा आशयाचे वाक्य बिल गेट्स यांच्या नावावर खपवले जाते. त्यांनी ते नाकारले आहे आणि त्याचा समकालीन पुरावाही नाही. असली वाक्ये टिकतात, कारण त्यांतून एकच दोषी माणूस हाती लागतो. इथे तसा कोणी नाही.

६/
चैन फार टिकली नाही. १९८३ मध्ये बाजारात आलेले ‘लोटस १-२-३’ संपूर्ण हिशेबपत्रक स्मृतीतच ठेवत असे. पत्रके फुगली, जागा संपली. १९८५ मध्ये लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून तोडगा काढला: राखीव भागात ६४ किलोबाइटची खिडकी ठेवायची आणि बाहेरच्या कार्डावरील स्मृतीचे १६ किलोबाइटचे तुकडे तिच्यात आलटून पालटून दाखवायचे. घर तेवढेच, फक्त सामान सारखे आत-बाहेर!

७/
दरम्यान १९८४ च्या ‘पीसी एटी’मधील ८०२८६ ला २४ तारा, म्हणजे १६ मेगाबाइट मिळाले होते. पण डॉस जुन्याच पद्धतीने चाले. त्यात आणखी एक पेच होता. ८०८८ वर एक मेगाबाइटच्या पुढचा पत्ता फिरून शून्याकडे येई, आणि काही प्रोग्रॅम यावरच विसंबून होते. ते मोडू नयेत म्हणून आयबीएमने एकविसाव्या तारेवर फाटक बसवले. त्याची कळ कुठे? कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपच्या एका मोकळ्या पायावर.

८/
१९८५ च्या ३८६ ने ३२ तारा, म्हणजे ४ गिगाबाइट दिले. तरी डॉस असेपर्यंत भिंत उभीच राहिली. पुढे ४ गिगाबाइटही अपुरे पडले आणि एप्रिल २००३ मध्ये एएमडीचा ६४ बिटांचा ऑप्टेरॉन आला. पण त्याचा पत्ताही प्रत्यक्षात ६४ बिटांचा नव्हता: प्रोग्रॅमला दिसणारा ४८ बिटांचा, खऱ्या स्मृतीसाठी ४०.

९/
उरलेल्या बिटांबाबत मात्र एएमडीने कडक नियम केला: ती सर्व ४८ व्या बिटाचीच नक्कल असली पाहिजेत, नाहीतर प्रोसेसर पत्ता नाकारेल. कारण जुने होते. १९६४ च्या आयबीएम सिस्टिम/३६० वर आणि १९८४ च्या मॅकिंटॉशवर पत्ता २४ बिटांचा होता. वरची आठ बिटे रिकामी पाहून प्रोग्रॅमरांनी तिथे आपल्या खुणा भरल्या, आणि पत्ता वाढवायची वेळ आली तेव्हा तेच प्रोग्रॅम आडवे आले.