साथीची पेटी आणि चालींचा धनी

आमच्या नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतील शाळांत पेटी म्हणजे प्रार्थनेच्या मागून धावणारे वाद्य. मुलांनी सूर चढविला की तिने चढावे, मुले अडखळली की सावरून घ्यावे. वाजविणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही. असा मागून चालणारा एके दिवशी पुढे झाला तर?

लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये १९६९ साली तसे घडले. 'डीप पर्पल' या रॉक संगीताच्या मेळ्यात ऑर्गन वाजविणाऱ्या जॉन लॉर्डने सबंध वाद्यवृंदासाठी रचना केली आणि रॉयल फिलहार्मोनिकच्या वादकांनी ती मेळ्यासोबत वाजविली. पण त्याआधी अठ्ठावन्न वर्षे, आपल्या मराठी रंगभूमीवर गोविंदराव टेंबे यांनी त्याच जातीचा उंबरठा ओलांडला होता.

कोल्हापूरचे गोविंदराव जन्मले १८८१ साली. भास्करबुवा बखल्यांना ते पेटीची साथ करीत. पेटीचे दुखणे असे की, पट्टीवर बोट पडले की सूर ठरला; दोन सुरांमधली मींड तिला साधत नाही. याच उणिवेपायी पुढे १९४० साली आकाशवाणीने तिला दार बंद केले. परंतु साथीदाराला एक शिक्षण फुकट मिळते : गाणाऱ्याचा गळा आता कोठे वळणार, हे त्याला आधी ओळखावे लागते.

१९११ साली किर्लोस्कर मंडळीने खाडिलकरांचे 'मानापमान' रंगभूमीवर आणले. किर्लोस्कर-देवलांच्या वेळी चाली बहुधा नाटककारच योजीत. या खेपेस ते काम पेटीवाल्याकडे आले. गोविंदरावांनी उत्तरेकडील ठुमरी-दादऱ्याची लचक मराठी पदांत उतरविली. भामिनी होते बालगंधर्व. जी मींड पेटीतून कधी निघाली नसती, ती त्या गळ्यातून निघाली. बोटांना जे अशक्य, ते कानांनी साठवून ठेवले होते!

पुढे १९३२ साली प्रभातच्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटाला त्यांनी संगीत दिले आणि हरिश्चंद्राची भूमिकाही केली. तरी पेटी सुटली नाही. उलट तिला स्वतंत्र वादनाचा मान मिळवून देणाऱ्यांत त्यांचे नाव घेतात. १९५५ साली ते गेले; चाली राहिल्या.

वाचकहो, या दिवाळीत 'मानापमाना'तले एखादे पद कानी पडले, तर गाणाऱ्याला दाद जरूर द्या. पण बाजूला पेटीवर मान खाली घालून बसलेल्याकडेही एकदा पाहा. उद्याची चाल कदाचित त्याच्याच कानांत घोळत असेल.