वेश बदलला की माणूस बदलला

वैभववाडीहून करूळचा घाट चढला की गगनबावडा, आणि तिथून पुढे कोल्हापूर. घाटाखाली दशावतारात वेश पहिल्याच क्षणी पात्राची ओळख सांगून मोकळा होतो. काळा पेहराव आणि लोंबती लाल जीभ दिसली की संकासुर आला हे पोरांनाही कळतं. घाटावर कोल्हापुरात १९२९ साली जन्मलेल्या भानुमती राजोपाध्ये, म्हणजे भानू अथैय्या, यांनी सिनेमात वेशाला जास्तीचं काम दिलं. माणूस कोण आहे एवढंच नव्हे, तर तो कसा बदलत गेला, हेही त्यांच्या कपड्यांनी सांगावं.

जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकला शिकलेल्या भानूताई नियतकालिकांसाठी फॅशनची रेखाटनं करता करता सिनेमात आल्या. लेख टंडन यांच्या ‘आम्रपाली’साठी (१९६६) त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा अभ्यास केला. खरं तर चित्रपटाचा नायक राजा अजातशत्रू आणि अजिंठ्याची बहुतेक चित्रं यांच्यात हजारेक वर्षांचं अंतर! काटेकोर इतिहासकाराला ते खटकेल. पण प्राचीन भारताचं एवढं जिवंत वस्त्रभांडार दुसरं कुठे सापडणार होतं?

‘आम्रपाली’तल्या प्रेमकथेची गाठही वेशानेच बसते. जखमी अजातशत्रू वैशालीच्या साध्या सैनिकाचे कपडे चढवून आम्रपालीच्या आसऱ्याला येतो आणि ती शत्रूच्या राजावर नकळत जीव लावते. सुनील दत्त यांच्या अंगावरचा तो उसना वेश नसता, तर कथा तिथेच संपली असती. वैजयंतीमालाची आम्रपाली वैशालीची नगरवधू होते, तेव्हा घट्ट कंचुकी, चापूनचोपून नेसलेलं वस्त्र आणि भरगच्च दागिने तिच्या देहाइतकंच तिचं पदही मिरवतात. युद्धाने वैशाली उद्ध्वस्त झाल्यावर ती बुद्धाला शरण जाते, तेव्हा हा सगळा साज गळून पडतो. आधी इतका थाट दाखवला नसता, तर त्यागाला वजन आलं नसतं.

तिकीटबारीवर ‘आम्रपाली’ पडला. पुढे ‘गांधी’ने भानूताईंना जॉन मोलो यांच्यासह १९८३ मध्ये ऑस्कर मिळवून दिलं, भारतीय व्यक्तीला मिळालेलं ते पहिलं. तिथेही बॅरिस्टरच्या सुटापासून खादीच्या पंच्यापर्यंतचा नायकाचा प्रवास अंगावरच्या कपड्यांतून दिसत जातो. ‘लेकिन’ आणि ‘लगान’ या चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले.