नकाशा, जमीन आणि ग्रहलाघव



लष्करात नकाशावाचन शिकवताना एक नियम सुरुवातीलाच सांगतात: नकाशा आणि जमीन यांत फरक दिसला, तर जमीन खरी. आजचा विषय संस्कृतातल्या ग्रहगणिताचा आहे, तरी सुरुवात याच नियमापासून करतो. कारण पाचशे वर्षांपूर्वी कोकणातल्या बापलेकांनी तो आकाशाच्या बाबतीत पाळला होता.

मुरुडजवळ समुद्रकाठच्या नांदगावी केशव दैवज्ञ राहत. त्यांच्यापुढे ग्रहगणिताच्या तीन परंपरा होत्या: सौर, आर्य आणि ब्राह्म. तिन्ही पूज्य, पण त्यांतून निघणारी ग्रहांची स्थानं आपसांत जुळत नसत. केशवांनी स्वतः ग्रह पाहिले, आणि कोणत्या परंपरेचा कोणता ग्रह किती चुकतो, हे लिहून ठेवलं.

पुत्र गणेश यांनी शके १४४२, म्हणजे इ. स. १५२०, हे आरंभवर्ष धरून 'ग्रहलाघव' रचलं. त्यांची निवड पाहा. सूर्य सौरातला. चंद्रही सौरातला, पण नऊ कला कमी करून. मंगळ, गुरू, राहू आर्यातले. शनी आर्यातलाच, पण पाच अंश वाढवून. पाच अंश म्हणजे आकाशात पूर्णचंद्राच्या दहा व्यासांइतकं अंतर! निकष एकच: गणित डोळ्यांना दिसतं त्याच्याशी जुळलं पाहिजे.

शिवाय काम सोपं केलं. कलियुगारंभापासून दिवस मोजले तर आकडा सोळा लाखांपुढे जातो. गणेशांनी अकरा वर्षांचं, ४०१६ दिवसांचं चक्र योजलं आणि ज्यांची, म्हणजे आजच्या 'साइन'ची, आकडेमोडही टाळली. साध्या पंचांगकर्त्यालाही ते जमू लागलं.

हे एकट्या कोकणात घडलं असं नाही. केरळात परमेश्वरांनी अनेक वर्षं ग्रहणं पाहून १४३१ मध्ये 'दृग्गणित' लिहिलं होतं. नावातच 'दृक्', म्हणजे पाहणं, आहे.

पुढची गोष्ट मात्र बोचणारी आहे. ग्रहलाघव इतकं सोयीचं ठरलं, की पंचांगं शतकानुशतकं त्यावरच निघत राहिली. लहान फरक साचत गेले. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या वेधांशी जुळणारं गणित पुढे आणलं, तेव्हा अनेकांनी जुनंच धरून ठेवलं. आकाश पाहून जन्मलेला ग्रंथ आता आकाश न पाहण्याचं कारण झाला होता.

मला पुष्कळदा विचारतात, "सर, आपल्या ग्रंथांत सगळं आधीच होतं ना?" मी म्हणतो, सगळं नव्हतं, आणि हे त्या ग्रंथकारांनाच ठाऊक होतं. गणेशांनी पूर्वसूरींना खोटं ठरवलं नाही, तसं त्यांचं जसंच्या तसं उचललंही नाही. त्यांचा वारसा सांगायचा असेल, तर आधी अंगणात उभं राहून वर पाहावं लागेल.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.