पनवेल : वाटेवरचे शहर

मुंबईहून पुण्याकडे वा कोकणात जाताना आपण पनवेल ओलांडतो. मात्र हे शहर क्वचितच निरखून पाहतो. म्हणून आम्ही येथे त्याची थोडक्यात ओळख करून देत आहोत.

भूगोल : पनवेल हे रायगड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. माथेरानच्या डोंगरातून येणारी गाढी नदी येथे खाडीला मिळते. पूर्वेस प्रबळगड, दक्षिणेस कर्नाळा किल्ला व १९६८ साली स्थापन झालेले पक्षी अभयारण्य आहे. भातशेती, मीठ आणि मासेमारी ही येथील जुनी उपजीविका.

इतिहास : रेल्वेपूर्वी मुंबईचे प्रवासी होडीने पनवेल बंदरात उतरत आणि बोरघाट चढून पुण्यास जात. १८३० साली घाटात गाडीरस्ता झाला आणि बाजारपेठ बहरली. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली. मात्र १८६३ साली रेल्वेने कर्जतमार्गे घाट ओलांडला आणि बंदराचे महत्त्व ओसरले. आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म १८४५ साली जवळच्या शिरढोण येथे झाला. १८७२ पासूनचा धूतपापेश्वर आयुर्वेदिक औषधांचा कारखाना ही येथील जुनी ओळख होय.

अर्थव्यवस्था : १९७० साली सिडकोची स्थापना झाली व नवी मुंबईसाठी भूसंपादन सुरू झाले. तळोजा औद्योगिक वसाहत, कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार, १९८९ चे न्हावा-शेवा बंदर व २००२ साली पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग यांनी पनवेलचे दळणवळणातील स्थान परत मिळवून दिले. २०१६ साली येथे जिल्ह्यातील पहिली महानगरपालिका झाली. २०२५ साली विमानतळही सुरू झाला.

या प्रगतीची किंमत कोणी दिली? जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात बळी पडले. त्या लढ्यातूनच प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे धोरण आले. विमानतळासाठी दहा गावांना स्थलांतर करावे लागले. त्यांच्यासाठी हे प्रमाण साडेबावीस टक्के ठरले.

वाट बदलली की बाजार ओसरतो, आणि नवी वाट आली की तो पुन्हा भरतो, हे पनवेलने दोनदा अनुभवले. गेलेली शेतजमीन मात्र परत येत नाही. भूखंड विकून आलेला पैसा एका पिढीत संपू शकतो. शिक्षण व कायमची नोकरी पुढच्या पिढीलाही तारते. म्हणून या भूमिपुत्रांच्या मुलांना बंदरात व विमानतळावर कोणते काम मिळते, यावरूनच पनवेलच्या प्रगतीचे मोजमाप व्हावे, असे आम्हांस वाटते.