दाद देणं आणि दाद मागणं

मराठीत ‘दाद’ हा शब्द दोन ठिकाणी राबतो. मैफलीत आपण दाद देतो आणि कचेरीत, कोर्टात दाद मागतो. शब्द फारसीतून आला. फारसीत दाद म्हणजे न्याय, इन्साफ. ‘दाद ना फिर्याद’ असं आपण वैतागून म्हणतो, तेव्हा तोच जुना अर्थ आपल्या तोंडी असतो. चांगल्या शेरावर ‘वाह’ म्हणणारा रसिकही एका अर्थानं इन्साफच करत असतो. ज्याचा जो हक आहे तो त्याला देत असतो.

खेळाच्या मैदानात मात्र या दोन अर्थांची फारकत होते. दाद प्रेक्षक देतात, न्याय पंच करतात. क्रिकेट किंवा फुटबॉलमध्ये धावा आणि गोल सगळ्यांना दिसतात, त्यामुळे हा प्रश्न फारसा टोकाला जात नाही. फिगर स्केटिंगमध्ये तसं नसतं. बर्फावर नाचत, गिरक्या घेत, हवेत तीन-चार फेऱ्या मारून एका पायावर उतरायचं आणि त्याचे गुण परीक्षकांनी द्यायचे, असा तो खेळ. म्हणून त्याच्या इतिहासात प्रेक्षकांचा संताप आणि प्रेक्षकांचं प्रेम या दोन्ही गोष्टींना मोठी जागा आहे. त्यातला एक किस्सा सांगण्यासारखा आहे. तो सुरू होतो कॅनडात आणि संपतो मध्य आशियात.

१.३० गुणांचा फरक

मार्च २०१३. कॅनडाच्या ओन्टारिओ प्रांतात लंडन नावाचं शहर आहे. तिथं जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली होती. पुरुषांच्या गटात यजमानांचा पॅट्रिक चॅन सलग तिसऱ्या विजेतेपदासाठी उतरला होता. हाँगकाँगहून आलेल्या कुटुंबात जन्मलेला हा मुलगा कॅनडाचा लाडका होता. त्याच्यासमोर होता कझाकस्तानचा १९ वर्षांचा डेनिस तेन. आदल्या वर्षीपर्यंत त्याचं नाव पदकाच्या चर्चेत नव्हतं.

स्पर्धा दोन भागांत होते. पहिल्या छोट्या सादरीकरणात चॅननं ९८.३७ गुण मिळवून विश्वविक्रम केला. तेन ९१.५६ गुणांवर दुसरा होता. १५ मार्चला मोठं सादरीकरण झालं. ‘द आर्टिस्ट’ या मूकपटाच्या संगीतावर तेन असा काही खेळला की परक्या देशातलं प्रेक्षागृह त्याच्यासाठी उभं राहिलं. चॅननं सुरुवातीच्या चार फेऱ्यांच्या उड्या देखण्या मारल्या, पण नंतर त्याचा तोल गेला. तो दोनदा बर्फावर पडला. त्या दिवसाचे गुण होते तेन १७४.९२ आणि चॅन १६९.४१.

बेरीज जाहीर झाली. चॅन २६७.७८, तेन २६६.४८. सुवर्ण चॅनला मिळालं, १.३० गुणांनी.

त्यानंतर जगभरच्या चाहत्यांमध्ये जो वाद पेटला, तो आजही पुरता विझलेला नाही. दोनदा पडलेला माणूस न पडलेल्या माणसाच्या पुढे कसा, हा साधा सवाल होता. चॅनला नेहमीच हात सैल सोडून गुण दिले जातात, असा आरोप आधीपासून होत होता. चाहत्यांनी त्यासाठी ‘इन्फ्लेशन’ म्हणजे महागाई या शब्दाला त्याचं आडनाव जोडून ‘चॅनफ्लेशन’ असा शब्दही घडवला होता. तो आता सर्रास वापरला जाऊ लागला.

हिशेब मात्र थंड डोक्यानं पाहायला हवा. पहिल्या दिवशी चॅन ६.८१ गुणांनी पुढे होता. दुसऱ्या दिवशी तो ५.५१ गुणांनी मागे पडला. उरले १.३०. म्हणजे ज्यांनी फक्त दुसरा दिवस पाहिला त्यांना चोरी दिसली, आणि ज्यांनी दोन्ही दिवस पाहिले त्यांना नियमाप्रमाणे लागलेला निकाल दिसला. पडण्याची शिक्षा नियमातच हलकी होती. दर वेळी एक गुण वजा व्हायचा आणि त्या उडीचे गुण कमी व्हायचे, पण कौशल्य आणि सादरीकरणाचे गुण परीक्षकांच्या मर्जीवर राहायचे. चाहत्यांचा राग खरं तर या मर्जीवर होता.

परीक्षक दिसत का नव्हते?

या रागामागे एक जुनी जखम होती. २००२च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमध्ये जोड्यांच्या स्पर्धेत रशियाला सुवर्ण आणि कॅनडाला रौप्य मिळालं. प्रेक्षागृहात आरडाओरडा झाला. फ्रान्सच्या परीक्षकावर मतांच्या देवाणघेवाणीचा आरोप झाला. अखेर कॅनडाच्या जोडीलाही सुवर्ण द्यावं लागलं. त्या बदनामीमुळे ६.०च्या जुन्या गुणपद्धतीला मूठमाती मिळाली आणि २००४मध्ये नवी पद्धत आली. प्रत्येक उडीला, प्रत्येक गिरकीला ठरावीक किंमत आली.

पण सुधारणेच्या त्याच लाटेत एक उलटी गोष्ट घडली. परीक्षकांवर दबाव येऊ नये म्हणून कुणी किती गुण दिले हे गुप्त ठेवलं गेलं. चाहत्यांच्या हाती आकडे आले, पण आकड्यामागचा माणूस पडद्याआड गेला. न्याय करणारा दिसेनासा झाला, तर निकाल बरोबर असला तरी लोकांचा त्यावर विश्वास बसत नाही. ही गोष्ट कोर्टाला लागू आहे, तशी बर्फाच्या रिंगणालाही.

नव्या पद्धतीतला पहिला मोठा भडका २०१०मध्ये व्हॅन्कुव्हर ऑलिम्पिकला उडाला. रशियाच्या येवगेनी प्लुशेन्कोनं चार फेऱ्यांची उडी मारली. अमेरिकेच्या इव्हान लायसाचेकनं ती मारली नाही, पण बाकी सगळं नीटनेटकं केलं आणि १.३१ गुणांनी सुवर्ण नेलं. रशियात संतापाची लाट उसळली. त्या वेळी पंतप्रधान असलेल्या पुतिन यांनी प्लुशेन्कोला तार करून त्याचं रौप्य सोन्याच्या तोलाचं असल्याचं कळवलं. गंमत अशी की लायसाचेकचे प्रशिक्षक फ्रँक कॅरल यांच्याकडेच पुढे डेनिस तेन शिकायला गेला. २०१०मध्ये १.३१ गुणांनी जिंकलेला गुरू २०१३मध्ये १.३० गुणांनी हरलेल्या शिष्याशेजारी उभा होता.

२०१६मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेनं परीक्षकांची गुप्तता रद्द केली. पुढे, पडणाऱ्या स्पर्धकाला सादरीकरणाचे सर्वोच्च गुण देऊ नयेत, अशी मार्गदर्शक सूचनाही आली. चाहत्यांची ओरड हे त्यामागचं एकमेव कारण नव्हतं. पण वर्षानुवर्षं कुणी दाद मागितलीच नसती, तर हा पडदा इतक्या सहज उठला असता असं वाटत नाही.

हा मुलगा कुणाचा?

आता या गोष्टीचा दुसरा पदर. तेन हे आडनाव कझाक नाही, कोरियन आहे. मुस्लिमबहुल कझाकस्तानसाठी जागतिक स्पर्धेतलं फिगर स्केटिंगचं पहिलं पदक एका कोरियन वंशाच्या मुलानं आणलं. तो तिथं कसा पोचला?

२१ ऑगस्ट १९३७ रोजी स्टालिन आणि मोलोतोव यांच्या सहीनं एक हुकूम निघाला. सोव्हिएत संघाच्या पूर्व टोकाला राहणारे कोरियन जपानचे हेर असू शकतात, म्हणून सगळ्यांना उचलून मध्य आशियात टाका, असा तो हुकूम होता. सुमारे १ लाख ७२ हजार माणसं मालगाड्यांत भरून कझाकस्तान आणि उझबेकिस्तानात आणली गेली. पहिल्या टोळ्या उश्तोबे या स्टेशनाजवळच्या उघड्या माळावर उतरवल्या गेल्या. हिवाळा तोंडावर होता. लोकांनी जमिनीत खड्डे खणून त्यात संसार मांडले.

ज्या मुलखात ते आले, तोही उपाशी होता. १९३१ ते १९३३च्या दुष्काळात दहा लाखांहून अधिक कझाक मेले होते. तरीही स्थानिक कझाकांनी आपल्या भाकरीतला वाटा दिला, ही आठवण कोरियन घरांत आजही सांगितली जाते. उश्तोबेजवळच्या बास्तोबे टेकडीवर कझाक लोकांचे आभार मानणारं स्मारक उभं आहे. हिजरत करून आलेल्यांनी अन्सारांसाठी उभारलेली ती खूण आहे, असं म्हटलं तर आपल्या वाचकाला चटकन कळेल.

डेनिस तेन हा मिन गुंग-हो या कोरियन सेनानीचा वंशज. हा सेनानी जपानी सत्तेशी लढताना १९०८मध्ये मारला गेला. जपानशी लढून मेलेल्या माणसाच्या वंशजांना जपानचे हेर ठरवणाऱ्या हुकुमाखाली देशोधडीला लावलं गेलं. संशयाच्या राजकारणाला तपशिलाशी देणंघेणं नसतं, फक्त आडनाव पुरतं.

१९९३मध्ये अल्माटीत जन्मलेला डेनिस उघड्यावरच्या बर्फात शिकला. लहानपणीच आईबरोबर मॉस्कोला गेला, नंतर कॅलिफोर्नियाला. फेब्रुवारी २०१४च्या सोची ऑलिम्पिकमध्ये पहिल्या भागानंतर तो नववा होता. तिथून चढत त्यानं कांस्य घेतलं. त्या ऑलिम्पिकमध्ये कझाकस्तानला मिळालेलं ते एकुलतं एक पदक होतं. पुढच्या वर्षी सोलमध्ये, पूर्वजांच्या देशात, त्यानं २८९.४६ गुणांनी चार खंडांची स्पर्धा जिंकली. कोरियातले चाहते त्याला आपला मानत होते. कझाक लोकही त्याला आपलाच म्हणत होते. दोघांचंही खरं होतं. ज्याला दोन वतनं आहेत त्यानं एक निवडूनच दाखवावं, असा हट्ट तिथल्या प्रेक्षकांनी धरला नाही. चाहत्याच्या टाळीवरून त्याची निष्ठा मोजणाऱ्यांच्या काळात ही गोष्ट छोटी नाही.

लंडनच्या प्रेक्षकांचंही तेच. त्यांचा माणूस सोन्याच्या शर्यतीत होता, तरी परक्यासाठी उभं राहताना त्यांना आपण कमी कॅनेडियन होतो असं वाटलं नाही.

१९ जुलै २०१८

२०१८चं ऑलिम्पिक दक्षिण कोरियात झालं, पण घोट्याच्या दुखापतीनं तेन पहिल्याच फेरीत बाद झाला. पाच महिन्यांनी, १९ जुलैला, अल्माटीच्या मध्यवर्ती भागात दोघे जण दिवसाढवळ्या त्याच्या गाडीचे आरसे काढत होते. त्यानं त्यांना हटकलं. त्यांनी मांडीत चाकू खुपसला. रक्तस्राव थांबला नाही. वय होतं २५.

दोन दिवसांनी बालुआन शोलाक क्रीडागृहात अखेरच्या दर्शनाला हजारो माणसं लोटली. गर्दीत कझाक होते, रशियन होते, कोरियन होते. कझाकस्तानात कोरियनांची संख्या लाखाच्या आसपास, म्हणजे समुद्रात थेंब. त्या थेंबातल्या एका मुलासाठी सगळा देश रडला.

आणि इथं दादेचा दुसरा अर्थ जागा झाला. आरशांची चोरी ही शहरातली रोजची बाब होती, पोलिसांकडे जाऊन उपयोग नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. आता लोक बोलू लागले. पोलीस खातं सुधारा, गृहमंत्र्यांनी राजीनामा द्यावा, अशी मागणी तरुणांनी उघडपणे लावून धरली. एरवी मोर्चा-निदर्शनांना फारशी मोकळीक नसलेल्या देशात हे घडत होतं. जे कालपर्यंत त्याच्या उडीला दाद देत होते, ते आज त्याच्या मृत्यूची दाद मागत होते. जानेवारी २०१९मध्ये दोन्ही हल्लेखोरांना प्रत्येकी १८ वर्षांची शिक्षा झाली. खात्याच्या सुधारणेची मागणी मात्र एका निकालानं संपणारी नव्हती.

अल्माटीत आता त्याच्या नावानं स्पर्धा भरते. २०२५मध्ये बोस्टनच्या जागतिक स्पर्धेत अल्माटीच्याच मिखाइल शाइदोरोवनं रौप्य जिंकलं. तेननंतर त्या देशाला मिळालेलं हे पहिलं जागतिक रौप्य.

२०१३च्या गुणपत्रिकेत चॅन पहिला आणि तेन दुसरा आहे, आणि तशीच नोंद राहील. ती बदलण्याची गरजही नाही. पण लंडनच्या प्रेक्षागृहानं त्या मुलाला त्याचा हक त्याच दिवशी देऊन टाकला होता. अल्माटीच्या रस्त्यावर जेव्हा तो हक हिरावला गेला, तेव्हा टाळ्या वाजवणारी माणसं घरी बसली नाहीत.