श्रेय केळ्याला, पाप गव्हाचं

पोट बिघडलं की आपल्याकडे जो तो ‘हे घे, ते घे’ सांगतो. ‘हे सोड’ म्हणणारा विरळा. ‘सिलिअ‍ॅक’ या विकाराने मुलं वाळून काटकी होत. पोट तेवढं नगाऱ्यासारखं. काही दगावतही. १९२४ साली न्यूयॉर्कच्या डॉ. सिडनी हास यांनी अशा मुलांचा पाव, बटाटे, सगळी धान्यं बंद करून केळी सुरू केली. मुलं सुधारली. जयजयकार कुणाचा? केळ्याचा! ताटातून काय उठलं, हे बघतो कोण?

हॉलंडमधल्या हेगचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना मात्र संशय गव्हाचा. त्यात १९४४-४५चा हिवाळा आला. जर्मनांनी रसद तोडलेली. लोकांनी ट्यूलिपचे कंदसुद्धा शिजवून खाल्ले. धडधाकट माणसं खंगली आणि ही पोरं सावरली! पाव परतला, तसं दुखणंही परतलं. १९५०च्या प्रबंधात डिकेंनी गव्हाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. आतड्याचं अस्तर खराब करणारा मुद्देमाल म्हणजे त्यातलं ग्लुटेन.

तेव्हा डॉक्टरांना विचारून एकेक पदार्थ सोडावा, पुन्हा घेऊन बघावा. पोट साक्ष देतं. फक्त एका वेळी एकच आरोपी उभा करावा लागतो.